टाळ कुठे गेला?

गेल्या दिवाळीच्या बोनसमधून मी गाडीच्या चारही दारांतले स्पीकर बदलले. गाडी अण्णांची, जुनी हॅचबॅक. अण्णांनी 30 वर्षं सोलापूरच्या एमआयडीसीत यंत्रमागावर टॉवेल विणले. मी पुण्याहून घरी आलो की प्रल्हाद शिंदे लावून अक्कलकोटला जायचं, एवढीच त्यांची मागणी. पण वाटेत ते आवाज वाढवत न्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "आवाज येतोय रे, शब्द कळंनात." नवे स्पीकर लावूनही तेच. वर आता आवाज फाटायला लागला.

मी इंजिनिअर, त्यामुळे उत्तर तयारच होतं: पॉवर कमी पडतेय. ऑनलाइन '2000 वॅट' छापलेला एक स्वस्त ॲम्प्लिफायर हेरला आणि शाळेतल्या मित्राला दाखवला. तो गाड्यांच्या साउंडचंच काम करतो. हसला. "तो आकडा काय बघतो बे? आरएमएस बघ."

डब्यावरचा मोठा आकडा बहुतेकदा 'पीक'चा, म्हणजे क्षणभराचा असतो. सलग किती पॉवर मिळेल ते आरएमएस सांगतो. घरी येऊन गणित मांडलं. गाडी चालू असताना साधारण 14.4 व्होल्ट मिळतात. तेवढ्यावरच चालणारा स्टीरिओ 4 ओहमच्या स्पीकरला फार तर 26 वॅट स्वच्छ देऊ शकतो. प्रत्यक्षात 20 धरा. त्यापुढे नॉब फिरवला की लहरीचे शेंडे कापले जातात. हेच क्लिपिंग, आणि आवाज फाटतो तो यामुळे. वेगळा ॲम्प आत व्होल्टेज वाढवून घेतो, म्हणून त्याला वर जागा उरते.

माझे स्पीकर 60 वॅट आरएमएसचे. म्हणून 4 ओहमला दर चॅनेलमागे 60 च्या आसपास देणारा, चार चॅनेलचा ॲम्प घेतला. 20 चे 60 झाले तरी आवाज वाढतो 5 डेसिबलपेक्षा कमीच. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. थोडक्यात, पैसे मोठ्या आवाजाचे नाहीत, न फाटणाऱ्या आवाजाचे. मित्रानं बॅटरीजवळ फ्यूज टाकून वायर ओढली आणि गेन लावताना बजावलं, "हा व्हॉल्यूम नाही बे. स्टीरिओचा सिग्नल ॲम्पला जुळवायचा, बास."

रविवारी अक्कलकोट रस्त्याला लागलो. आवाज काचेसारखा स्वच्छ. टाळ तर कानाशी वाजत होता. अण्णा थोडा वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "चांगलंय. पण यात टाळ का काढला?"

मी काहीच बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या कानांची तपासणी केली. आलेखातली रेघ बरीच सरळ येऊन 4000 हर्ट्‌झच्या आसपास खड्ड्यात पडली होती. वर्षानुवर्षं गोंगाटात काम केलेल्या कानांची ही खूण. आतल्या केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. 'स', 'श', 'फ' यांची ओळख पटते ती याच वरच्या पट्टीत, म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. गोंगाटानं येणारं हे बहिरेपण 1948 च्या कारखाना कायद्याच्या रोगांच्या यादीत होतं. आमच्या घरी मात्र त्याचं नाव 'अण्णांचं लक्ष नसतं' असं होतं. ते नाव ठेवण्यात मीही होतो. फोनवर दोनदा सांगून कळलं नाही की मी म्हणायचो, "जाऊ द्या, आईला द्या."

मग दुसरा ॲम्प निवडायला बसलो. श्रवणयंत्र म्हणजे ॲम्पच, पण ते सगळं सरसकट वाढवत नाही. जिथं खड्डा आहे तिथं जास्त, आणि हॉर्नसारखा मोठा आवाज आला की कमी. आलेखाशी जुळवून घेतलं नाही, तर तेही 2000 वॅटच्या डब्यासारखंच.

अण्णा आधी नाही म्हणाले. "म्हातारा दिसंल रे मी." महिनाभरानं तयार झाले. यंत्र लावून पहिल्यांदा गाडीत बसले, तेव्हा मी गाणं लावलं नाही. सात रस्त्याला वळताना ते दचकले.

"हे टिकटिक काय वाजतंय?"

"इंडिकेटर, अण्णा."

"नवीन बसवला?"

"नाही. पहिल्यापासून आहे."