वरचेवर

विमानाने वरचेवर हिंडणाऱ्या माणसाचा लोक हेवा करतात आणि तो माणूस मात्र आपल्याइतके हाल त्रिभुवनात कुणाचे होत नाहीत असे सांगत सुटतो. मी गेली पंधरा वर्षे मुंबई-नागपूर अशा खेपा घालीत आहे; महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. तेव्हा या रडगाण्यात मीही सूर मिसळावा हे ओघानेच आले. पण ते मला नीटसे जमत नाही.

नाही म्हणायला हाल आहेत. सहाच्या विमानासाठी रात्री तीनला उठावे लागते. तपासणीच्या रांगेत कमरेचा पट्टा सोडून, खिसे रिकामे करून, विजार सावरीत उभे राहावे लागते. त्या अवस्थेत भल्याभल्या साहेबांची ऐट कशी गळून पडते हे पाहण्यात थोडी गंमतही असते म्हणा. एकदा दिवाळीच्या तोंडावर बहिणीने दिलेली साजूक तुपाची बरणी तपासनिसाने बाजूला काढली. पातळ पदार्थ हातसामानात चालायचा नाही म्हणाला. तूप कणीदार आहे, पातळ नव्हे, असा युक्तिवाद मी मोठ्या हिरिरीने चालविला. पण ऑक्टोबरच्या उकाड्याने ते आधीच वितळून त्याच्या पक्षाला जाऊन मिळाले होते.

परतीच्या वेळची तऱ्हा आणखी निराळी. मुंबईच्या विमानतळावरच्या दोन मोठ्या धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. आपली पाळी येईपर्यंत वडाला सूत गुंडाळल्यासारखे विमान आकाशात फेऱ्या घालीत राहते. शरीरालाही थोडे सोसावे लागते. विमान ३५,००० फुटांवर असले तरी आत हवा दाबून भरलेली असते. पण ती जमिनीवरच्या इतकी दाट नसते, सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावी तितपत असते. कळसूबाईचा माथा आहे ५,४०० फूट. म्हणजे एक पाऊलही न चढता आपण तिच्याही वर जाऊन बसलेलो असतो! शिवाय ती हवा कोरडी ठणठणीत. ओठ सुकतात, जीभ बोथट होते आणि चहाला चव लागत नाही. (चहाला चव न लागण्याची इतरही कारणे असावीत, पण ती विमानविद्येत मोडत नाहीत.)

पण याला दुःख कसे म्हणावे? विरारच्या गाडीत रोज एका पायावर उभा राहून जाणारा कारकून हे ऐकून हसेल. माझी तक्रार वेगळी आहे. वरचेवर विमानाने गेले की आधी त्यातले नवल जाते, आणि मग वाटही जाते.

१९३६ साली आलेला ‘संत तुकाराम’ चित्रपट आमच्या आजीने पाहिला होता. विमान म्हणजे काय हे तिला त्यातूनच ठाऊक. तुकोबांनी तो प्रवास एकदाच केला, आणि तोही परतीचे तिकीट न काढता. म्हणून त्याची कथा झाली. त्यांना दर पंधरवड्याला वैकुंठाला जावे लागले असते, तर तिसऱ्या खेपेला इंद्रायणीकाठी निरोप द्यायला कुणी आले नसते!

खरोखरीच्या विमानांचेही नवल काही कमी नव्हते. १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एकटे निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादेला त्यांच्या विमानाचे इंधन बैलगाडीतून आणले होते म्हणतात. आमच्या नागपुराने तर रात्रीच्या टपालाची विमाने पाहिली. १९४९ साली ती सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी ती निघत, मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडायच्या सुमारास आपापल्या गावी परतत. वडील सांगत, की उन्हाळ्यात गच्चीवर निजलेली मुले आकाशातले ते सरकते दिवे मोजीत आणि मोजता मोजता झोपी जात. आज मी त्याच आकाशातून जातो, पण आत शिरताच प्रथम खिडकीचे झापड ओढून घेतो. माझ्यासारखे पाचपन्नास तरी झापडवाले आसपास असतात.

नवल गेले तर गेले, वयाबरोबर ते जायचेच. वाट गेल्याचे मात्र मला फार लागले.

१९६६ साली आजोबा गेल्याची तार मुंबईला आली, तेव्हा वडील हावडा मेलने निघाले. मुंबई ते नागपूर ८३७ किलोमीटरचा लोहमार्ग. डब्यातल्या कुणीतरी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून विचारले आणि त्यांना बाकावर जागा करून दिली. भुसावळला एका अनोळखी माणसाने हातात चहा दिला. अकोल्याच्या पुढे ते मनसोक्त रडले, आणि वर्धा आले तेव्हा आजीसमोर उभे राहण्याइतके सावरले होते. हे त्यांनी मला एकदाच सांगितले. पण आजोबांचे मुखदर्शन त्यांना झाले नाही. त्याच्या आधीच सारे उरकले होते.

आई गेल्याचा भावाचा फोन मला पहाटे आला. नऊच्या आत मी नागपूरच्या घराच्या दारात होतो. मला तिचे मुख पाहायला मिळाले. हे विमानाचे उपकार आहेत आणि ते मी जन्मभर मानीन. पण त्या सव्वा तासात मला कुणी काही विचारले नाही. उजवीकडचा गृहस्थ झोपला होता, डावीकडची मुलगी कानात बोंडे घालून काही ऐकत होती, आणि हवाई सुंदरीने हसून पाणी दिले. दारात भावाने मला मिठी मारली तेव्हा मी मनाने अजून मुंबईतच होतो, जिथे आई जिवंत होती. तो रडत होता आणि मला रडू येत नव्हते. ते आले चार दिवसांनी, बाजारात, भाजी घेता घेता.

तेव्हापासून सवड असली की मी रात्रीच्या गाडीने जातो. नेहमी जमत नाही.

गेल्या वर्षी असाच नाइलाजाने विमानात बसलो, तर शेजारी खिडकीपाशी एक वऱ्हाडी आजीबाई. मुंबईच्या लेकीकडून परत निघालेल्या, मांडीवर पितळी डबा, आणि पहिलाच विमानप्रवास. पट्टा बांधायला मी मदत केली, एवढ्यावर त्यांनी माझे गाव, मुलेबाळे आणि पगार विचारून घेतला. मग बाहेर पाहत म्हणाल्या, “भाऊ, एवढा कापूस कोनं वाळू घातला जी?”

मी वाकून पाहिले. ढग होते. वेचून नुकता पसरावा तसे, क्षितिजापर्यंत. आम्ही दोघेही बराच वेळ पाहत बसलो. मध्येच फट पडली की त्या विचारीत, “हे कोनतं गाव?” आणि मी अंदाजाने कधी जालना, कधी मेहकर असे ठोकून देत होतो. डब्यातला एक बेसनाचा लाडू त्यांनी माझ्या हातावर ठेवला, आणि तिथल्या हवेत जीभ बोथट होते हे त्या लाडवाला कुणी कळविलेले दिसले नाही.

विमान खाली येऊ लागले. नागपूर आले, असे मी म्हणालो. आजीबाई चमकल्या. डब्याचे झाकण लावता लावता माझ्याकडे संशयाने पाहू लागल्या.

“आलं बी? मंग एवढे पैसे कायचे घेतले जी त्यायनं?”