मोजण्याआधीची मोजणी

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राविषयी लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु गेल्या उन्हाळी सुट्टीत एका माजी विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेत मी जे पाहिले, ते माझ्याच पेशाविषयी मला काही सांगून गेले. म्हणून हा लेखनप्रपंच.

हा विद्यार्थी तांड्यावरून सहावीत आपल्या वसतिगृहात आला. पहिल्याच आठवड्यात मी लेखी चाचणी घेतली. त्याने उत्तरपत्रिका जवळजवळ कोरीच दिली. मी त्याची नोंद ‘कच्च्या’ मुलांत केली आणि पुढे दोन वर्षे ती नोंद तपासली नाही. आज तो मातीच्या नमुन्यांतील किरणोत्सार मोजतो.

“सर, नमुना नंतर. आधी यंत्र तपासायचे,” तो म्हणाला.

गॅमा किरणाने सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात ऊर्जा सोडली की क्षीण प्रकाश चमकतो. फोटोमल्टिप्लायर नळी त्या प्रकाशाचे विद्युत्स्पंदात रूपांतर करते. ऊर्जा जितकी अधिक, तितका स्पंद उंच. यंत्र या स्पंदांची उंचीनुसार १०२४ घरांत वाटणी करते. या घरांना चॅनेल म्हणतात. पडद्यावर आलेख उमटतो, पण त्यावर केवळ घरांचे क्रमांक असतात. कोणता क्रमांक म्हणजे किती ऊर्जा, हे आपणच ठरवायचे असते. यालाच अंशांकन म्हणतात.

त्याने सीझियम-१३७ ची नाण्याएवढी चकती ठेवली. तिची ऊर्जा ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. तिचे शिखर ३४० व्या घरात उभे राहिले. मी घाईने म्हणालो, “झाले तर! आता त्रैराशिक मांड.”

तो हसला. “सर, एका बिंदूवरून रेषा ठरत नाही. शून्य ऊर्जा शून्याच्याच घरात असेल, हे आपण गृहीत धरतो. यंत्राने तसे वचन दिलेले नसते.”

मग त्याने कोबाल्ट-६० ठेवले. त्याची दोन शिखरे, ११७३ आणि १३३२, अनुक्रमे ५९९ आणि ६८० या घरांत आली. ६६२ आणि १३३२ या दोन बिंदूंवरून त्याने रेषा काढली. घराच्या क्रमांकाला १.९७०६ ने गुणायचे आणि त्यातून ८ वजा करायचे. ११७३ चे शिखर त्याच रेषेवर बसले. शेवटी त्याने पोटॅशियम क्लोराइडचा डबा ठेवला. पोटॅशियम-४० चे शिखर ७४५ व्या घरात आले. रेषेने उत्तर दिले १४६०. खरी ऊर्जा १४६१. माझ्या त्रैराशिकाने १४५१ आले असते.

“दहाचाच तर फरक!” मी म्हणालो.

“दहा एक वेळ खपतील, सर. पण नळीचा विद्युतदाब किंचित वाढला किंवा खोलीचे तापमान बदलले, की सगळी मोजपट्टीच सरकते. मातीत बिस्मथ-२१४ निसर्गतःच असते. त्याचे एक शिखर ६०९ चे. कालचेच अंशांकन आज डोळे मिटून वापरले, तर तेच शिखर ६६२ च्या जवळ दिसू शकते. मग अहवालात सीझियम लिहिले जाते, आणि सीझियम म्हणजे अणुस्फोटातली किंवा अणुभट्टीच्या अपघातातली धूळ. माती निर्दोष असते, पण गावाच्या नावावर डाग बसतो.” म्हणून तो रोज सकाळी, आणि काम संपल्यावर पुन्हा एकदा, सीझियमचे शिखर जागेवर आहे का ते पाहतो.

मला राहवले नाही. “सहावीतली ती पहिली चाचणी आठवते का रे?”

“आठवते, सर. घरी आम्ही गोरमाटी बोलायचो. मला प्रश्नच कळले नव्हते.” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. आठवीत विज्ञानाच्या बाईंनी त्याला फळ्यापाशी बोलावून तोंडी प्रश्न विचारले, तेव्हा कुठे त्याची ओळख पटली. ते श्रेय बाईंचे. मी मात्र एकाच बिंदूवरून रेषा ओढून मोकळा झालो होतो.

यंदा जूनमध्ये सहावीची नवी मुले आली. पहिल्या आठवड्यात मी लेखी चाचणी घेतली नाही. प्रत्येकाला घरी कोणती भाषा बोलतात ते विचारले, मग तोंडी प्रश्न विचारले. लेखी चाचणी ऑगस्टमध्ये घेतली, आणि नोंदवहीतले शेरे पेन्सिलीने लिहिले. दिवाळीनंतर ते पुन्हा तपासायचे आहेत.