'परब' या नावाचे नऊ बाइट

मालवणच्या बाजारपेठेतील किराणा व्यापाऱ्याच्या वहीत जून आणि जुलै हे महिने नेहमीच जड असतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि गाबीत कुटुंबांचे तांदूळ-साखर उधारीवर चालते. नारळी पौर्णिमेनंतर ती उधारी हळूहळू फिटते.

अशाच एका दुकानातील धाकट्या मुलाने अभियांत्रिकीच्या सुट्टीत वडिलांची खतावणी संगणकावर घेतली. त्यासाठी त्याने साध्या मजकुराची फाईल निवडली. या रीतीचा 'लेजर' हा प्रोग्रॅम जॉन विगली यांनी २००३ मध्ये लिहिला. नियम मात्र आपल्या परिचयाचा, जमा आणि नावे जुळलेच पाहिजेत. अडचण नावांची होती. एकच खातेदार तीन प्रकारे लिहिला गेला, की त्याची तीन खाती होत. दोन अक्षरे टाइप करताच जुनी नावे समोर यावीत, म्हणून मुलाने एक छोटा 'लँग्वेज सर्व्हर' लिहावयास घेतला.

एडिटर आणि असा सर्व्हर यांच्या संभाषणाची सामाईक भाषा मायक्रोसॉफ्टने रेड हॅट व कोडेन्व्ही यांच्यासह २०१६ मध्ये जाहीर केली. पूर्वी दहा भाषा आणि पाच एडिटर असतील, तर पन्नास जोडण्या कराव्या लागत. आता पंधरा पुरतात. प्रत्येक बँकेने प्रत्येक बँकेकडे शिपाई धाडण्याऐवजी सर्वांनी क्लिअरिंग हाऊसमध्ये धनादेश आणावेत, तसेच हे. एडिटर प्रथम ओळख करून घेतो, सर्व्हर 'मी नावे सुचवू शकतो' असे कळवतो. पुढे फाईलमधील प्रत्येक बदल त्याच्याकडे जातो आणि मागणी येताच तो यादी पाठवतो.

इंग्रजी नावांवर सारे सुरळीत चालले. मराठी नावे येताच सर्व्हर मुका झाला. मुलाचे दोन दिवस त्यात गेले. प्रत्येक निरोपाच्या आरंभी त्याची लांबी बाइटमध्ये सांगावी लागते. मुलगा अक्षरे मोजत होता. 'परब' ही आपल्या दृष्टीने तीन अक्षरे, परंतु यूटीएफ-८ मध्ये नऊ बाइट. एडिटर सांगितले तेवढेच वाचून थांबे आणि उरलेल्या शेपटाला पुढचा निरोप समजे.

खरी चूक यानंतर घडली. यादीतील पहिले नाव एंटरने उमटले आणि देवबागच्या परबांची साखर तारकर्लीच्या परबांच्या नावे पडली. दोन्ही बाजू जुळल्या होत्या. ताळेबंदाला असली चूक दिसत नाही. तारकर्लीचे परब हिशेब करावयास आले, रक्कम ऐकली आणि एक शब्दही न बोलता नोटा मोजू लागले. वडिलांनी त्यांचा हात धरला. "थांबा, परबानु, इतकी साखर तुम्ही नेलीच नाही."

रात्री मुलाला ते एवढेच म्हणाले, "अरे, ते वहीवर विश्वास ठेवून देत होते."

सुचवलेल्या नावाशेजारी तपशील दाखवण्याची सोय त्या भाषेत आहे. मुलाने तेथे शेवटच्या व्यवहाराची तारीख घातली. पण एडिटरमध्ये एंटर दाबणाऱ्या बोटाला सर्व्हर रोखू शकत नाही. म्हणून त्याने खात्यांची नावेच बदलली: आधी गाव, मग आडनाव. गाव पुरे लिहून होईपर्यंत सर्व्हर आता रिकामी यादी पाठवतो. टाइप करण्यास वेळ अधिक लागतो. लाल वही गल्ल्याशेजारीच आहे. दुकान बंद करताना वडील तीतून वाचतात आणि मुलगा पडद्यावर पडताळतो.