बालाघाटाची वाट : पायी की सायकलवर?

धाराशिव जिल्हा म्हटलं की ज्वारीची शेतं, उघडे माळ आणि रखरखीत ऊन एवढंच तुमच्या डोळ्यांपुढे येत असेल. पण एकदा सोलापूरहून तुळजापूरला जाऊन पाहा. शेवटच्या टप्प्यात रस्ता वळणं घेत घाट चढू लागतो. हाच बालाघाट! सह्याद्रीच्या कड्यांपुढे तो बुटका दिसेल, पण त्याच्या उतारावर सायकल एकदा सुटली की त्याला बुटका म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

हा डोंगर पायी चढणारे पुष्कळ. कोजागरी पौर्णिमेला तुळजाभवानीच्या दर्शनासाठी सोलापुरातून, आसपासच्या गावांतून आणि कर्नाटकातूनही लाखो भाविक चालत येतात. सोलापूर ते तुळजापूर अंतर सुमारे ४५ किलोमीटर आणि त्यातले कित्येकजण अनवाणी! त्यांची दुखणी कोणती? तळपायाला फोड, पोटऱ्यांत गोळे, मुरगळलेला घोटा, उन्हानं आलेली चक्कर. गंमत अशी, की घोटा सोडला तर यातलं बहुतेक सगळं आधी वर्दी देऊन येतं. फोड यायच्या आधी तळवा चुरचुरतो. चक्कर यायच्या आधी डोकं जड होतं, तोंड कोरडं पडतं. तेव्हाच सावलीत बसलं, पाणी प्यायलं, पाय कोरडे केले, तर पुढची वाट सुखाची होते.

चालणाऱ्याला खरा त्रास होतो तो उतारावर. चढताना दम लागतो म्हणून आपण चढाला घाबरतो, पण उतरताना अंगाचं आणि पाठीवरच्या पिशवीचं ओझं प्रत्येक पावलाला मांड्या नि गुडघ्यांना आवरून धरावं लागतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ‘आई गं!’ होतं ते त्यामुळेच. सायकलवाल्याच्या गुडघ्यांना हा भार जवळजवळ नसतो. त्याचा धोका वेगळाच आहे.

कसा, ते एका गणितानं पाहू. वेग दुप्पट झाला, की आदळण्यातली ऊर्जा चौपट होते. ताशी ५ किलोमीटरनं चालणारा माणूस दगडावर धडकला, तर त्या वेगाचा धक्का १० सेंटिमीटरच्या पायरीवरून खाली पडण्याइतका. सायकलवर ताशी २० चा वेग असेल, तर तोच धक्का दीड मीटर उंच भिंतीवरून पडण्याइतका होतो. आणि ताशी ३० ला? साडेतीन मीटर! म्हणजे घराच्या गच्चीवरून खाली. आता सांगा, गच्चीवरून उडी मारताना तुम्ही डोक्यावर काही घालाल की नाही? हेल्मेट त्यासाठीच असतं.

त्यात बालाघाटाच्या पाऊलवाटांवर मुरूम पसरलेला. पायाखाली तो करकरतो, पण चाकाखाली गोट्यांसारखा घरंगळतो. वळणावर पुढचा ब्रेक करकचून दाबला, की सायकल जागीच आणि आपण पुढे! पडताना हात आपोआप पुढे जातात, म्हणून मनगट किंवा गळ्याखालचं आडवं हाड मोडतं. वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबायचे, हे सपाट मैदानावर आधी शिकून घ्या.

ब्रेकवरून एक गोष्ट आठवली. १९७६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती सुरू केल्या. उतार असा, की मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस तापून जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर नवं भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच पडलं ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरा! आजची गिअरची डोंगरी सायकल अशा उद्योगांतूनच जन्मली. तुमच्या सायकलचे ब्रेक-रबर झिजले असतील, तर घाटात जायच्या आधी दुकानात जा.

आता एक गोष्ट आईबाबांनाही वाचून दाखवा. पडताना हँडलचं टोक पोटात घुसलं, तर बाहेर नुसता लहानसा गोल वळ दिसतो, पण आत प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते. दुखणं कधी कधी काही तासांनी सुरू होतं. ‘घरी सांगितलं तर सायकल बंद होईल’ म्हणून मुलं गप्प बसतात. असा मार लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आईबाबा, रागवायचं असेल तर ते नंतर.

धाराशिवपासून जवळच येडशीला रामलिंग घाट अभयारण्य आहे. २०२४ च्या डिसेंबरात वनखात्याच्या कॅमेऱ्यात तिथं चक्क वाघ दिसला! तो आला होता दूरच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून. चालणाऱ्याची चाहूल जनावराला लांबून लागते आणि ते बाजूला होतं. सायकल मात्र गुपचूप आणि झपाट्यानं येते. ताशी ३० च्या वेगात एका सेकंदात आठ मीटर वाट सरते, मग सावध व्हायला वेळ कुणाला? ना तुम्हाला, ना जनावराला. २०१६ साली अमेरिकेत मोंटाना राज्यात एक सायकलस्वार झाडीतल्या वळणावर अस्वलावरच आदळला आणि त्याचा जीव गेला. तेव्हा झाडीत, आंधळ्या वळणावर घंटी वाजवा, वेग चालण्याइतका करा. पायी असाल तर गवतात आणि दगडांच्या फटीत नीट पाहून पाऊल टाका, तिथं फुरसं असू शकतं.

मला विचाराल, तर येडशीपर्यंत रस्त्यानं सायकलवर जावं, सकाळी लवकर, दोन बाटल्या पाणी घेऊन. उतारावरचा वारा घाम वाळवतो, त्यामुळे तहान कळत नाही. म्हणून दर थांब्याला घोट घोट पाणी प्या. महादेवाचं रामलिंग मंदिर खाली दरीत आहे, तिथं पायऱ्यांनी उतरावं लागतं. सायकल वरच ठेवायची. डबा मात्र हँडलला अडकवून जाऊ नका, तिथली माकडं फार हुशार आहेत.