एका वेलांटीचा हिशेब

सेवानिवृत्त झाल्यावर माणसाने काय करावे, याविषयी आमच्या खात्यात दोन मते प्रचलित होती. एक असे, की त्याने गावी जाऊन घर बांधावे. दुसरे असे, की त्याने सल्लागार व्हावे आणि जी कलमे आयुष्यभर दुसऱ्यांना लावली, त्यांतून सुटण्याच्या वाटा त्याच दुसऱ्यांना मोबदला घेऊन दाखवाव्यात. त्याने टी-शर्ट विकावेत, असे तिसरे मत आमच्या ऐकिवात नव्हते. तथापि गेली चार वर्षे आम्ही टी-शर्ट विकत आहोत. आणि केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात काढलेल्या तेहतीस वर्षांत जे आमच्या ध्यानात आले नाही, ते या चार वर्षांत एका वेलांटीने आमच्या ध्यानात आणून दिले.

हा उद्योग मूळचा आमचा नव्हे. आमची कन्या बंगळूरला चित्रांकनाची नोकरी करीत होती. २०२० सालच्या टाळेबंदीत ती नोकरी गेली आणि ती कोइमतूरला घरी परत आली. काही महिने तिने खिडकीपाशी बसून काढले. मग एके दिवशी चहाच्या वेळी तिने एक कागद आमच्यापुढे ठेवला. त्यावर टी-शर्टची आकृती होती आणि छातीवर ठसठशीत देवनागरीत लिहिले होते, ‘सध्या मुक्काम पोस्ट’. खाली एक रिकामी रेघ. आम्ही विचारले, “पुढे काय लिहायचं?” ती म्हणाली, “ज्याचं त्याने. बाबा, आपल्यासारखी किती घरं असतील!”

मद्रास, तिरुचिरापल्ली, मदुराई आणि कोइमतूर या आमच्या बदल्यांच्या गावांची नावे एकाखाली एक त्या रेघेवर मांडून आम्ही पाहिली, आणि भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कम या कामी लावण्यास संमती दिली. सौभाग्यवतींनी ती आधीच दिलेली होती, असे नंतर कळले.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडा तपशील सांगतो. नोय्यल नदीच्या काठचे तिरुप्पूर हे गाव कोइमतूरपासून पन्नासएक किलोमीटरांवर आहे. आपण ज्याला गंजीफ्रॉक म्हणतो, त्याच्यावर हे गाव मोठे झाले. पुढे गंजीफ्रॉकच आतून बाहेर आला, त्याला टी-शर्ट म्हणू लागले आणि तो तिरुप्पूरहून परदेशी जाऊ लागला. गावात विणकाम एकीकडे, रंगाई दुसरीकडे, शिलाई तिसरीकडे चालते. कापड हातात घेऊन त्याची जाडी सांगणारी माणसे आम्ही तेथे पाहिली. आम्हांला मात्र ती चौरस मीटरमागे ग्रॅममध्येच कळते. आम्ही १८० ग्रॅमचे घेतो. पांढऱ्या शर्टापेक्षा रंगीत शर्ट महाग का, असे आम्ही प्रथम भाबडेपणाने विचारले, तेव्हा उत्तर नदीकडे बोट दाखवून मिळाले. रंगाईच्या सांडपाण्याने नोय्यल नासली, म्हणून जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथील रंगाईचे कारखाने बंद पडले होते. पुढे पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर ते चालू झाले. ते पाणी शुद्ध करण्याचा खर्च रंगीत शर्टाच्या किमतीत असतो.

असा कोरा शर्ट आम्हांला १६५ रुपयांना पडतो. छपाईचे ६० रुपये. आम्ही तो ४४९ रुपयांना विकतो. त्यातून ५ टक्के वस्तू व सेवा कर, वेष्टन आणि टपालखर्च किंवा बाजारातील जागेचे भाडे वजा जाता शर्टामागे शंभर-सव्वाशे रुपये हाती राहतात. राज्याबाहेर माल धाडणाऱ्याला लहान उलाढालीची सवलत मिळत नाही. पहिल्या शर्टापासून नोंदणी करावी लागते. १ जुलै २०१७ रोजी हा कर सुरू झाला, तेव्हा लहान व्यापाऱ्यांच्या सभा घेऊन “यात अवघड काहीच नाही” असे सांगणाऱ्यांत आम्ही होतो. आता दर तिमाहीला रात्री जागून स्वतःचे विवरणपत्र भरताना त्या सभांतील मागच्या रांगांतले चेहरे आम्हांला आठवतात.

विक्री दोन प्रकारे होते. एक, संगणकाच्या महाजालावर: कन्या छायाचित्रे मांडते, मागण्या येतात, आम्ही पुडकी बांधून टपाल कचेरीत नेतो. इटानगर, जोरहाट, जैसलमेर, लेह असे पत्ते वाचताना बदल्यांचे आदेश वाचत असल्याचा भास होतो. जोरहाटच्या एका गृहस्थाने ‘सध्या मुक्काम पोस्ट जोरहाट’ मागविला होता. वर्षाने त्याच नावाने दुसरी मागणी आली. रेघेवरचे गाव मात्र वेगळे होते. सौभाग्यवती म्हणाल्या, “बदली झाली वाटतं. मुलांच्या शाळेचं काय केलं असेल?” ओळखदेख नसलेल्या माणसासाठी त्या दुपारी आमच्या घरी थोडी काळजी केली गेली.

दुसरी विक्री रविवारच्या बाजारात. महिन्यातून एकदा एका शाळेच्या पटांगणात लहान उद्योगवाल्यांचा बाजार भरतो. मेणबत्त्या, लोणची, मातीची भांडी आणि त्यांत आमचे सहा फुटी टेबल. पहिल्या दिवशी आम्ही टेबलामागे हात मागे बांधून उभे राहिलो होतो. कन्या हळूच म्हणाली, “बाबा, तपासणीला आल्यासारखे उभे राहू नका, गिऱ्हाईक घाबरतंय.” तेव्हापासून आम्ही खुर्चीवर बसतो.

आता त्या वेलांटीकडे येतो.

एका गणेशोत्सवाच्या आधी कन्येने ‘पिठलं-भाकरी’ अशा अक्षरांचा शर्ट योजला. साठ नग छापावयाचे ठरले. साच्याच्या छपाईला नग जास्त असावे लागतात: जाळीची चौकट एकदाच तयार करायची आणि रबरी पट्टीने शाई ओढत पुढचे सगळे शर्ट काढायचे. आमचा छपाईवाला हा तिशीतला तमिळ तरुण. दोन टेबले, एक भट्टी आणि पाच माणसे एवढाच त्याचा कारखाना. त्याने नमुना छापून त्याचे छायाचित्र धाडले. कन्येने ते पाहिले आणि “छान झालंय, अण्णा” असे तमिळमध्ये कळविले. शनिवारी रात्री गठ्ठा आला. रविवारी सकाळी आम्ही तो बाजारात नेऊन उघडला.

पहिल्याच गिऱ्हाईक नागपूरच्या एक बाई होत्या. यजमान येथे बदलून आलेले. त्यांनी शर्ट उलगडला, जरा दूर धरला आणि विचारले, “अहो, हे ‘पठिलं’ म्हणजे काय असतं?”

आम्ही चष्मा लावला. पहिली वेलांटी ‘प’च्या आधी नव्हती, ती ‘प’ आणि ‘ठ’ यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली होती. भाकरी तेवढी निर्दोष होती, कारण तिची वेलांटी दुसरी, म्हणजे अक्षराच्या पुढेच येणारी. साठच्या साठ शर्टांवर ‘पठिलं-भाकरी’.

बाई हसून निघून गेल्या. आम्ही मात्र तेथल्या तेथे, तेहतीस वर्षांच्या सवयीने, जबाबदारी निश्चित करावयास बसलो. मूळ चित्र पाहिले. त्यात वेलांटी जागेवर होती. छपाईवाल्याकडील जुन्या संगणकाला देवनागरीची जुळणी कळत नव्हती. त्याने ‘प’नंतर टंकलेली वेलांटी ‘प’नंतरच ठेवली. अक्षरांचे चित्र करून न पाठविता ती अक्षरे म्हणूनच पाठविली, ही आमच्या बाजूची पहिली त्रुटी. परंतु नमुना तर दाखविला गेला होता. तो मंजूर कोणी केला?

“मी,” कन्या म्हणाली. तिने शर्ट हातात घेतला होता आणि ती त्याच्याकडे पाहत होती. “बाबा, मला अजूनही हे ‘पिठलं’च दिसतंय.”

आम्हांला उलगडा व्हावयास क्षणभर लागला. तिचे सारे शिक्षण या प्रांतात झाले. तिची शाळेतील भाषा तमिळ. तमिळ लिपीत इकाराची खूण व्यंजनाच्या उजव्या अंगाला लागते. डावीकडे लागतात त्या ‘ए’, ‘ऐ’च्या खुणा. तिच्या डोळ्याला ‘प’च्या उजवीकडची वेलांटी ‘प’चीच वाटली. छपाईवाल्यालाही तेच वाटले. मराठी ती आमच्याइतकीच सफाईने बोलते. वाचते मात्र अक्षरावर अक्षर ठेवून. हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. ते कधी मोजले नव्हते, इतकेच.

तिरुचिरापल्लीला असताना आम्ही तिला तंजावरला नेले होते. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली दगडावर कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. तिला उचलून घेऊन आम्ही त्या भिंतीसमोर अभिमानाने भाषण केले, की पाहा, दोनशे वर्षे झाली तरी आपली भाषा येथे टिकून आहे. ती तेव्हा सहा वर्षांची होती. तिने एका अक्षरावर बोट ठेवून विचारले होते, “हे काय आहे?” आम्ही म्हणालो, “घरी गेल्यावर शिकवू.” घरी गेल्यावर फायली होत्या. मग मदुराईची बदली आली. मग तिची दहावी आली.

त्या दिवशी शर्ट विकले नाहीत. शेजारच्या लोणचीवाल्या बाईंनी सुचविले, की येथे वाचणारे आहेत किती. अक्षरे सुंदर आहेत, लोक घेतील. खरेच चार तमिळ मुलांनी मागितले. सौभाग्यवतींनी गठ्ठ्यावर चादर टाकली आणि म्हणाल्या, “चूक माहीत नसलेल्याला चूक विकायची नाही.” आमच्या खात्याची सारी नियमावली एवढ्या थोडक्यात मांडता आली असती, असे तेव्हा वाटले.

दुसऱ्या दिवशी छपाईवाला घरी आला. दारातच म्हणाला, “सार, छपाईचे ३,६०० घेणार नाही. शर्टांचे पैसेही थोडे थोडे फेडतो.” साठ शर्टांचे मिळून १३,५०० रुपये बुडाले होते, ते भरून काढावयास आम्हांला सव्वाशेच्या आसपास शर्ट विकावे लागणार होते. त्याला किती छापावे लागले असते, हा हिशेब आम्ही मनात केला आणि आम्हांला मदुराईजवळचा एक लहान कारखाना आठवला.

तेव्हा आम्ही निरीक्षक होतो. त्या कारखान्याच्या साठ्याच्या वहीत १६० च्या जागी ६१० पडले होते. अंकांची अदलाबदल; माल जागेवर बरोबर होता. वही मालकाचा मुलगा लिहीत असे. मालक हात जोडून म्हणाला होता, “सार, त्याला नीट बसवून मी कधी शिकवलं नाही. चूक माझी आहे.” आम्ही अहवालात लिहिले, ‘मालकास चूक मान्य आहे.’ त्यावरून दंड झाला. अहवाल नियमाप्रमाणे अचूक होता, आणि आजही त्यात खोडण्यासारखा शब्द आम्हांला सापडत नाही. फक्त त्या माणसाचे पहिले वाक्य आम्ही त्यात घेतले नव्हते.

आम्ही छपाईवाल्याला आत बसविले, ३,६०० रुपये मोजून त्याच्या हाती दिले आणि आमच्या बेताच्या तमिळमध्ये सांगितले, की चूक आमची आहे. तो कन्येकडे पाहू लागला. आम्ही म्हणालो, “तिची नाही. माझी.” कन्या काही बोलली नाही. तिने उठून चहा टाकला.

त्या साठ शर्टांपैकी बारा छपाईवाल्याने आपल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मागून नेले. तेथे ते घालून लोक काम करतात आणि त्यांच्या लिपीच्या रीतीने ते शुद्धच वाचतात. उरलेले कपाटात आहेत. घरातील झाडलोट आम्ही त्यातलाच एक घालून करतो.

नमुन्यावर आता तीन सह्या लागतात: तयार केले, तपासले, मंजूर. ही पद्धत आमची, आणि कन्येने ती कुरकुर न करता स्वीकारली. तिच्या अटीवर मात्र रात्री जेवणानंतर अर्धा तास टेबल मोकळे ठेवावे लागते. तीस वर्षांची विद्यार्थिनी आणि तिचा सहासष्ट वर्षांचा मास्तर बाराखडीवरून निघून आता जोडाक्षरांपाशी आले आहेत. मास्तर अधूनमधून अहवालाच्या भाषेत चुका काढतो, तेव्हा सौभाग्यवती आतून खाकरतात.

परवा साताऱ्याची एक मागणी आली. पत्त्याची चिठ्ठी नेहमी संगणकावर छापून निघते. ही तिने हाताने लिहिली. नाव, पेठ, गाव असे सावकाश उतरवीत ती शेवटच्या ओळीशी आली. ‘पिन’ लिहावयाचे होते. तिने थोडा विचार केला, आधी वेलांटी काढली आणि मग तिच्या पुढे ‘प’ लिहिला. आम्ही चिठ्ठी तपासली, सही केली आणि पुडके घेऊन टपाल कचेरीकडे निघालो.