आयर्विनला किती?

सांगलीत जुलै लागला की एकच प्रश्न तोंडोतोंडी फिरतो : "आयर्विनला किती?" पहाटे रतीब घालायला आलेला दूधवाला विचारतो, मंडईतली भाजीवाली विचारते, आणि पुण्याहून आत्याला फोन लावला की तब्येतीची चौकशी करायच्या आधी मीही तेच विचारते. आयर्विन हा कृष्णेवरचा जुना पूल. संस्थानच्या काळात, १९२९ साली झालेला. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन गेला, नाव राहिलं. या पुलापाशी नदीची उंची मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. हे झाले सगळ्या गावाचे आकडे. त्याशिवाय प्रत्येक घराचा एक आकडा असतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या सखल वस्त्यांतल्या बायका इशाऱ्याच्या सुमारालाच गाठोडी बांधायला घेतात. गावभागातल्या आमच्या घराचा आकडा साडेपन्नास. तिथवर पाणी आलं की ते आमच्या उंबऱ्याला लागतं. हे कुणी मोजून सांगितलेलं नाही, पाण्यानंच दाखवलं आहे.

आमच्या माजघराच्या भिंतीवर गेरूची एक रेघ आहे. २००५ साली, जुलैच्या अखेरीपासून पाऊस कोसळत राहिला आणि आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं, तेव्हाची. घरात कमरेच्याही थोडं वर पाणी होतं. ते उतरल्यावर आत्यानं भिंतीवरचा गाळाचा काठ पुसण्याआधी त्यावर गेरूनं रेघ ओढली आणि शेजारी साल लिहिलं. नंतर तीन वेळा रंग दिला, पण रंगाऱ्याला ती रेघ सोडून रंगवायला सांगितलं. पाहुण्याला ती रेघ दाखवताना तिच्या आवाजात थोडा अभिमानही असायचा. इथवर आलं होतं, आणि आम्ही निभावलं.

मला वाटतं, कृष्णाकाठच्या माणसाला नदीची भीती अशी शिकवावी लागत नाही, आणि तशी ती वाटतही नाही. नदी अंगणात येणं हे इथल्या जगण्यातच धरलेलं आहे. पूर ओसरला की काठाला मळी पडते, त्या मळीतली वांगी चवीला वेगळीच लागतात, आणि कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत म्हटलं की परगावी गेलेला सांगलीकर हळवा होतो. खाली नृसिंहवाडीला तर पाण्याचं येणं हा सोहळाच. पंचगंगा तिथं कृष्णेला मिळते. पाणी चढत चढत दत्ताच्या देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, आणि त्या धारेखाली स्नान करायला लोक भर पावसात धावतात. पाणी उतरताना पुन्हा एकदा. चढता दक्षिणद्वार, उतरता दक्षिणद्वार. लहानपणी आत्याचा हात धरून मी त्या पाण्यात उभी राहिले आहे. छातीशी गढूळ, गार पाणी, आणि चहूकडून दत्ताच्या नावाचा गजर. पाणी आणखी वाढलं की पुजारी उत्सवमूर्ती वर हलवतात. त्यात कुणाला नवल वाटत नाही. देवसुद्धा वेळेवर जागा बदलतो, असं आत्या म्हणायची.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र तिनं जागा बदलली नाही.

त्या साली ५ तारखेला नागपंचमी होती. धरणं भरत आलेली, कोयनेतून विसर्ग वाढवलेला, आणि वर घाटमाथ्यावर पाऊस थांबायला तयार नव्हता. मी फोनवर म्हणाले, "आत्या, गाडी पाठवते, निघ." ती म्हणाली, "अगं, सगळं वर ठेवलंय. रेघेच्या हातभर वर. पाच साली जिथवर आलं नाही तिथवर आता कशाला येईल?" तिनं खरंच सगळं नीट केलं होतं. धान्याचे डबे फळीवर, गाद्या पलंगावर पाट रचून त्यावर, आजोबांच्या पोथ्या आणि फोटोंची पेटी कपाटाच्या वरच्या खणात. सगळं रेघेच्या वर. आमच्या बोळातल्या बहुतेक घरांनी हेच केलं. पुढं मी बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांकडूनही तेच ऐकलं : पाच सालची खूण धरून माल एक-दोन फूट वर चढवला होता. त्या साली पाणी ५७ फुटांवर गेलं. पाच सालापेक्षा जवळजवळ चार फूट जास्त.

त्या चार फुटांत सगळं गेलं.

आत्याला तिसऱ्या दिवशी शेजारच्या माडीवरून होडीत उतरवून नेलं. तोवर तिच्याजवळ पाण्याची एक कळशी आणि चिवड्याचा डबा एवढंच होतं, आणि त्यात माडीवरची अकरा माणसं. पुण्याहून मला तिथं पोचता येत नव्हतं. कोल्हापूरजवळ हमरस्ताच पाण्याखाली होता, गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, फोन लागत नव्हता. टीव्हीवर वरून घेतलेली चित्रं दिसायची, तपकिरी पाण्यातून डोकावणारे पत्रे. त्यात मी आमची कौलं शोधत बसायचे. ८ तारखेला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळची बातमी आली. गावातून बाहेर पडायला निघालेली होडी उलटली आणि डझनाहून जास्त माणसं बुडाली, त्यांत बायका आणि लेकरं. ही माणसं हट्टानं मागं राहिलेली नव्हती. निघालेली होती. जी होडी मिळाली तीत बसली होती. "लोक वेळेवर बाहेर पडत नाहीत" असं कुणी म्हणालं की मला ब्रह्मनाळ आठवतं, आणि राग येतो. बाहेर पडायला होडी लागते, नावाडी लागतो, गोठ्यातल्या म्हशीचं काय करायचं याचं उत्तर लागतं. म्हशीचे कासरे कापून तिला पाण्यात सोडून देणारा माणूस काय सोसत असेल, हे मी छावणीत ऐकलं आहे. तो बोलत नव्हता, त्याची बायको सांगत होती.

पाणी उतरल्यावर मी घरी गेले. पुराचा वास ज्यानं घेतला नाही त्याला तो सांगता येणार नाही. कुजलेलं धान्य, रॉकेल, मेलेली जनावरं, ओला कागद, आणि सगळ्यावर पसरलेला चिकट गाळ. दारं फुगून बसली होती, कपाट उघडायला पहारीनं फोडावं लागलं. पोथ्यांचा लगदा झाला होता. पेटीतले फोटो एकमेकांना चिकटलेले; सोडवायला गेलं की आधी माणसांचे चेहरेच निघून यायचे. आत्यानं ते ओढू दिले नाहीत. "राहू दे असेच, सगळे एकत्र आहेत," म्हणाली. नगर वाचनालयातली जुनी पुस्तकंही अशीच भिजली होती. गावातल्या रस्त्यांवर गाद्या, सोफे, वह्या, शिलाई मशिनं यांचे ढीग होते. १५ ऑगस्टला राखीपौर्णिमा आली, तेव्हा बायका होड्या चालवणाऱ्या जवानांना राख्या बांधत होत्या. आत्यानं बांधलेली राखी म्हणजे तिच्या साडीच्या काठाची चिंधी होती. दुसरं काही कोरडं नव्हतं.

मग दोष कुणाचा, याची चर्चा सुरू झाली, ती अजून संपलेली नाही. सांगलीकराला विचारलं तर तो अलमट्टीकडं बोट दाखवतो. कर्नाटकातलं हे धरण आहे ५१९ मीटरच्या पातळीचं, आणि ती ५२४ पर्यंत नेण्याची बोलणी ऐकली की इथल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. नंदकुमार वडनेरे यांच्या समितीनं मात्र २०२० मधल्या अहवालात बोट दाखवलं ते अफाट पावसाकडं आणि पूरपट्ट्यातल्या बांधकामांकडं. धरणांचं गणित मांडण्याचा अधिकार मला नाही. पण नदीचं एक गणित काठावरच्या पोरालाही कळतं. सांगलीजवळ कृष्णा सपाटीला येते, वळणं घेत संथ होते. हरिपूरला वारणा तिच्यात येते, नृसिंहवाडीला पंचगंगा. खालची नदी तुडुंब असली की वरच्या पाण्याला जायला वाट राहत नाही, ते मागं फुगतं. या फुगवट्याच्या पाण्याला पसरायला जागा लागते. ती जागा आम्ही विकली, घेतली, त्यावर प्लॉट पाडले. ओतात, म्हणजे पुराचं पाणी शिरणाऱ्या सखल जागेत, भराव टाकताना मी लहानपणी पाहिलं आहे. आम्ही पोरं त्या मुरमाच्या ढिगावर खेळायचो.

नदीकाठाला सरकारनंही रेघा आखल्या आहेत. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. त्या नकाशावर आहेत. भिंतीवर कुठं दिसत नाहीत, घर घेताना कुणी दाखवत नाही. आणि शंभर वर्षं म्हणजे काय? आत्याच्या एका म्हातारपणात तीन महापूर झाले. २००५, २०१९, आणि पुन्हा जुलै २०२१, तेव्हा सांगलीत पाणी ५४ च्या पुढं गेलं आणि तिकडं कोल्हापुरात पंचगंगेनं एकोणीस सालालाही मागं टाकलं. हरिपूरची हळदीची पेवं मला या सगळ्यात फार आठवतात. जमिनीत खोल खणलेले ते खड्डे, त्यांत हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय टिकायची. पिढ्यान् पिढ्या तिथली माती कोरडी राहिली होती, म्हणून लोकांनी तिच्यावर भरवसा टाकला. पाच सालच्या पुरात त्यांच्यात पाणी शिरलं. त्या लोकांनी कुठं चूक केली, मला दिसत नाही. त्यांनी मागचं नीट लक्षात ठेवलं होतं, आत्यासारखंच.

एकवीस सालच्या पुरात आत्या माझ्याकडं होती. परत गेल्यावर मला वाटलं, आता भिंतीवर तीन रेघा होतील. मी गेरू भिजवायलाही घेतला. ती म्हणाली, "नको." रंगाऱ्याला बोलावलं, आणि त्यानं सवयीनं जुनी रेघ सोडून ब्रश फिरवायला घेतला तेव्हा तिनं त्याला थांबवलं. "तीही घे त्यात." तो दोनदा माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं हात मारला. गेरू पहिल्या हाताला जात नाही. खालून लालसर दिसत राहिला, दुसऱ्या हातानंतर गेला.

परवा फोन केला. आयर्विनला किती, मी विचारलं. "एकतीस," ती म्हणाली. आवाजाला धाप लागली होती. काय करतेस? पेटी शेजारच्या माडीवर नेतेय म्हणाली. ते चिकटलेले फोटो. "एकतीसच तर आहे, आत्या." "हो," ती म्हणाली, "म्हणून तर जिना कोरडा आहे अजून," आणि फोन ठेवून पुढची पायरी चढायला गेली.