क्लॅरेंडन आणि आपला ‘च’

उत्तरपत्रिका तपासताना आपलेच वाक्य समोर यावे, याहून मोठी शिक्षा मास्तरकी करणाऱ्याला नसावी. काही वर्षांपूर्वी मध्यवर्ती मूल्यमापन केंद्रावर बसले असता मला ती झाली. ‘हे आत्मकथन एका व्यक्तीचे चरित्र नसून समूहाच्या वेदनेचा उद्गार आहे’ हे वाक्य पहिल्या गठ्ठ्यात अकरा वेळा आले. गठ्ठा वेगळ्याच गावच्या कॉलेजचा होता. वाक्य मात्र माझे होते. एका प्रकाशकासाठी लिहिलेल्या गाइडातले.

आता गाइड लिहिणे ही काही अभिमानाने सांगण्याची गोष्ट नव्हे. घराचे हप्ते चालू होते, एवढेच. हस्तलिखित दिल्यावर प्रकाशकाचा निरोप आला, ‘मॅडम, महत्त्वाचं तेवढं ठळक करून द्या, मुलं तेवढंच वाचतात.’ मी पेन्सिल घेऊन बसले आणि तासाभरात वाक्ये अधोरेखित करून दिली. वरच्या वाक्यानंतर माझा एक परिच्छेद होता. ‘पण’ने सुरू होणारा. समूहाचा उद्गार म्हणताना लिहिणाऱ्या माणसाचे एकटेपण आपण पुसून टाकतो की काय, अशी शंका त्यात होती. तो साध्या टाइपात राहिला. अकरांपैकी एकाही उत्तरात ‘पण’ नव्हते.

मजकुराच्या मध्येच एखादा शब्द जाड करण्याची ही रीत आली कुठून, याचा शोध घेताना क्लॅरेंडनची गाठ पडली. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी लंडनमध्ये जाहिरातींसाठी जाडजूड अक्षरे निघाली. रोमन अक्षरांच्या टोकांना ज्या नाजूक आडव्या रेघा असतात, त्यांच्या जागी विटेसारखे चौकोनी ठोकळे आले. व्हिन्सेंट फिगिन्स याने 1815 च्या सुमारास आपल्या नमुनापुस्तकात ती दाखवली. नेपोलियनच्या स्वारीनंतर युरोपात इजिप्तचे वेड होते, म्हणून अशा अक्षरांना पुढे ‘इजिप्शियन’ म्हणू लागले. ही अक्षरे भिंतीवर ओरडण्यासाठी होती. पुस्तकात त्यांना जागा नव्हती.

ती जागा 1845 मध्ये मिळाली. फॅन स्ट्रीट फाउंड्रीच्या रॉबर्ट बेस्ली याने क्लॅरेंडन बाजारात आणला. त्याचे साचे बेंजामिन फॉक्स याने कोरले. ठोकळे राहिले, पण ते उभ्या दांड्याला किंचित वळण घेऊन मिळू लागले. जाड आणि बारीक रेघांतला फरकही थोडा परतला. त्यामुळे हे अक्षर साध्या मजकुराच्या ओळीत शेजाऱ्यासारखे बसू शकले. तोवर जोर देण्यासाठी तिरपा टाइप, मोठी अक्षरे किंवा जुने गॉथिक वळण वापरावे लागे. शब्दकोशांना, वेळापत्रकांना, पाठ्यपुस्तकांना हा टाइप म्हणजे वरदानच ठरला. बेस्लीने त्याची कायद्याने नोंदणी केली. संरक्षण मिळाले तीन वर्षांचे. मुदत संपताच इतरांनी नकला काढल्या. बेस्लीचे फारसे बिघडले नाही. 1869 मध्ये तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला.

याच घराण्यातली अक्षरे अमेरिकेत लाकडी ठशांवर चढून जाहिरातपत्रकांवर गेली, आणि तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या लाकडी पाट्यांवरही अनेक वर्षे राहिली. मला त्यांच्यात एक भला, थोडा स्थूल, स्पष्टवक्ता गृहस्थ दिसतो. पाटीवर तो शोभतो. शब्दकोशातही शोभतो, कारण तिथे तो फक्त ‘शब्द इथे आहे’ एवढेच सांगतो. शब्दाचा अर्थ साध्या टाइपातच असतो. बोट दाखवणे हे त्याचे काम. आपण त्याला निवाडा करायला बसवले, ही त्याची चूक नव्हे.

देवनागरीत ही सोय उशिरा आली. पोथ्यांतून ‘इति’ आणि श्लोकांचे आकडे हिंगुळाने तांबडे करीत किंवा त्यांवर गेरू फिरवीत. तेही बोट दाखवणेच होते. जोर द्यायचा तर तो भाषेतच द्यावा लागे. आपल्याकडे त्यासाठी एक अक्षर आहेच : ‘च’. ‘तो आला’ आणि ‘तोच आला’ यांत जो फरक पडतो, तो कोणताही जाड टाइप पाडू शकत नाही. शिवाय ‘च’ लावणारा माणूस वाक्यात उपस्थित असतो. त्याला विचारता येते, ‘तोच का?’ ठळक अक्षरामागे मात्र कोणी दिसत नाही. माझी पेन्सिल त्या मुलांना दिसली नव्हती.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी सगळे साध्या टाइपात छापण्याची विनंती केली. ‘मग घेणार कोण?’ असे उत्तर मिळाले, आणि ते व्यवहाराला धरूनच होते. आवृत्ती जशीच्या तशी निघाली. मानधन मी घेतले, हेही सांगितले पाहिजे.

तेव्हापासून दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना एका पानाची साधी प्रत देते आणि सांगते, एकच वाक्य अधोरेखित करा, आणि तेच का ते सांगा. कधीच एकमत होत नाही. गेल्या वर्षी दोन मुली घंटा झाल्यावरही दारात भांडत उभ्या होत्या. त्यांतल्या एकीच्या हातात माझे गाइड होते.